कर्मवीर : रयतेच्या मुलांना महाविद्यालयाची वाट दाखविणारे भाऊराव

१९१९च्या जून महिन्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीजवळ विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. तोवर या भागातील मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचे तर कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय गाठावे लागे, नाहीतर पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागे. आता महाविद्यालय तासगावपासून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवर आले होते. तासगाव हा तेव्हा सातारा जिल्ह्याचा तालुका. आज द्राक्षे आणि बेदाण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यातील शेती त्या काळी बहुतांशी पावसाच्या भरवशावर चाले. गणपतीच्या उंच गोपुराचे तासगाव ही बाजारपेठ होती, पण भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरील कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या वा रामोशाच्या मुलाला पंचवीस किलोमीटरवरचे महाविद्यालय आणि दीडशे मैलांवरचे महाविद्यालय सारखेच दूर होते. त्याच्या गावात इंग्रजी शाळा नव्हती. तालुक्याच्या गावी राहायचे तर जेवणाची सोय नव्हती. घरात पदवी म्हणजे काय, हे सांगणारेही कोणी नव्हते.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कराड तालुक्यातील काले या गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. विलिंग्डनने उच्च शिक्षणाचे दार उघडले होते. त्या दारापर्यंत मुलगा पोचणार कसा, हा प्रश्न भाऊरावांनी हाती घेतला आणि पुढची चाळीस वर्षे त्याच एका प्रश्नाचा पाठपुरावा केला.

शिक्षण अपुरे, अनुभव पुरेपूर

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे आजोळी झाला. घराणे जैन शेतकऱ्यांचे, मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण सातारा जिल्ह्यातील वेगवेगळ्या गावांत गेले. अस्पृश्य मुलांना शाळेत आणि पाणवठ्यावर मिळणारी वागणूक त्यांनी लहानपणीच पाहिली आणि ती त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

पुढील शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना कोल्हापूरला पाठविले. राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षण आणि जैन वसतिगृहात वास्तव्य अशी सोय झाली. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरात तो काळ वसतिगृहांच्या उभारणीचा होता. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी महाराजांनी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर आंघोळ करूनच भोजनगृहात यावे, असा आग्रह जैन वसतिगृहात धरण्यात आला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. या वसतिगृहाची सूत्रे तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. वसतिगृहातून बाहेर पडलेल्या भाऊरावांना शाहू महाराजांनी आसरा दिला.

कुस्ती, पोहणे आणि मित्रमंडळी यांत रमणाऱ्या भाऊरावांचे अभ्यासाकडे मात्र लक्ष नव्हते. मॅट्रिक होण्यापूर्वीच त्यांचे शिक्षण सुटले. ज्यांच्या नावाने पुढे विद्यापीठ उभे राहिले, त्यांच्या हाती शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्रही नव्हते. तरीही कोल्हापुरातील त्या वर्षांनी त्यांना आयुष्यभर पुरेल असा एक धडा दिला. मुलगा शाळेत टिकतो की नाही, याचा निकाल वर्गापेक्षा वसतिगृहात लागतो. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली, कारण त्या काळात तेवढेच शक्य होते. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीत आणायची, ही पुढची पायरी भाऊरावांनी स्वतःकडे घेतली.

१९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. संशय लठ्ठे यांच्यावर होता आणि त्यांच्याविरुद्ध भाऊरावांनी साक्ष द्यावी, यासाठी दडपण आणण्यात आले. ज्यांच्या वसतिगृहातून आपल्याला बाहेर पडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची ती संधी होती. भाऊरावांनी कोठडीतील छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही.

कंदील, नांगर आणि पायाखालची खेडी

चरितार्थासाठी भाऊरावांनी काही काळ शिकवण्या केल्या. नंतर ओगलेवाडीच्या काच कारखान्याचे कंदील, त्यापाठोपाठ किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम त्यांनी पत्करले. पुढे साताऱ्याजवळ कूपर यांच्या नांगर कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. या फिरतीच्या व्यवसायाने त्यांना जे मिळाले, ते एखाद्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यालाही मिळाले नसते. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागे, त्याच्या ओसरीवर बसावे लागे, त्याचे कर्ज आणि पीकपाणी समजून घ्यावे लागे. कोणत्या गावात शाळा आहे, कोणत्या घरातील मुलगा हुशार आहे आणि तो गुरांमागे का फिरतो, याची नोंद त्यांच्या डोक्यात तयार होत गेली. खेड्यांतील विद्यार्थी शोधण्याचे काम त्यांनी पुढे केले, त्याची पूर्वतयारी अशी विक्रेता म्हणून झाली.

त्याआधीच १९१० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी सहकाऱ्यांसह मिरज तालुक्यातील दुधगाव येथे विद्यार्थी आश्रम काढला होता. गावातील घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करून मुलांची जेवणाची सोय करण्याची पद्धत तिथे रुजली. मुष्टिफंड या नावाने ती पुढे रयत शिक्षण संस्थेचा आधार बनली. मूठभर ज्वारी देणाऱ्या बाईला त्या वसतिगृहातील मुलगा आपला वाटू लागे आणि उद्या आपलाही मुलगा तिथे जाऊ शकेल, हा विचार तिच्या मनात रुजे. पैसा गोळा करण्याच्या या रीतीतच विद्यार्थी मिळविण्याची रीतही दडलेली होती.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा भाऊरावांवर खोल ठसा होता. काले येथे सत्यशोधक परिषदेच्या निमित्ताने संस्थेचा संकल्प झाला, तोही त्याच परंपरेतून. तिथे वसतिगृह सुरू झाले आणि १९२४ मध्ये संस्थेचा कारभार साताऱ्याला हलला.

एका पंगतीचे वसतिगृह

साताऱ्याच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, धनगर अशा साऱ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली. स्वयंपाक मुलांनीच करायचा, पाणी त्यांनीच भरायचे, दळण-कांडणही त्यांनीच करायचे, असा शिरस्ता होता. शंभर वर्षांपूर्वीच्या साताऱ्यात ही गोष्ट साधी नव्हती. अस्पृश्य मुलगा ज्या चुलीपाशी बसतो, त्या चुलीवरचे अन्न आपला मुलगा खातो, हे कळल्यावर काही पालक मुलाला परत नेण्यासाठी येत. भाऊराव त्यांच्याशी वाद घालत, समजूत काढत, पण पंगत मोडत नसत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी यांनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. साताऱ्यातील धनिणीच्या बागेतील हे वसतिगृह पुढे संस्थेचे हृदय ठरले.

या उभारणीची किंमत घरात मोजली जात होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पारंपरिक जैन संस्कारांत वाढलेल्या. सुरुवातीला त्यांनाही हे सहभोजन जड गेले. पण हळूहळू बोर्डिंगमधील मुले त्यांची मुले झाली. आजारी मुलाच्या उशाशी त्या बसत, सणाला गोडधोड करून घालत. कोठारात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, आणि अखेर मंगळसूत्रही धान्यासाठी विकले गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या पुढील वैभवाचा एकही दिवस त्यांना पाहायला मिळाला नाही. रयतेची माउली म्हणून त्यांचे नाव संस्थेत आजही घेतले जाते.

मॅट्रिकनंतरची वाट

वसतिगृहाच्या आधाराने खेड्यातील मुले मॅट्रिक होऊ लागली, तशी नवी अडचण उभी राहिली. महाविद्यालय पुण्याला आणि शुल्क, खोली, खाणावळ असा तिहेरी खर्च. ज्याला शाळेपर्यंत पोचवायला दहा वर्षे लागली, तो मुलगा महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरून परत फिरू लागला. भाऊरावांनी वसतिगृहच पुण्याला नेले. १९३२च्या पुणे करारानंतर, त्या ऐक्याची आठवण म्हणून, त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. उच्च शिक्षणासाठी पुण्याला येणाऱ्या साऱ्या जातींच्या मुलांना तिथे राहण्या-जेवण्याचा आधार मिळाला.

उच्च शिक्षणासाठी आधार मिळाल्यास काय घडू शकते, याचे सर्वात मोठे उदाहरण महाराष्ट्रासमोर होते. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेले भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये ते तिथे एम.ए. झाले, पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये शाहू महाराजांच्या मदतीने, मित्राकडून घेतलेल्या कर्जाने आणि स्वतः साठविलेल्या पैशांवर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये अर्थशास्त्रातील डी.एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली. संस्थानिकाच्या मदतीचा हात एका असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याला किती दूर नेऊ शकतो, हे त्यातून दिसले. तो हात मध्येच निघाला तर असामान्य बुद्धीलाही कशी वाट अडते, हेही दिसले.

भाऊरावांसमोरचा प्रश्न याच्या पुढचा होता. प्रत्येक खेड्यातील मुलाला राजाश्रय मिळणे शक्य नव्हते, आणि साऱ्यांची बुद्धी असामान्य असण्याची अटही त्यांना मान्य नव्हती. साधारण बुद्धीच्या, पण शिकण्याची इच्छा असलेल्या मुलालाही पदवीपर्यंत जाता आले पाहिजे, अशी व्यवस्था त्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी तीन गोष्टी एकमेकींत गुंफल्या. पहिली शिक्षकाची. १९३५ मध्ये साताऱ्यात त्यांनी अध्यापक विद्यालय सुरू केले आणि तिथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी पुढील वर्षांत शाळा नसलेल्या गावांत शेकडो स्वयंसेवी प्राथमिक शाळा चालविल्या. खेड्यातून मुलगा हेरण्याचे काम आता एकट्या भाऊरावांचे राहिले नाही. दुसरी गोष्ट माध्यमिक शाळेची. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. राहणे, जेवणे आणि शिकणे हे सारे श्रमाच्या मोबदल्यात देणारी ती शाळा होती. आंबेडकरांना परदेशी पाठविणाऱ्या राजाचे नाव तिला दिले गेले, हे औचित्यपूर्णच होते. तिसरी गोष्ट महाविद्यालयाची. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. आता साताऱ्यातच पदवीची सोय झाली.

कमवा आणि शिका

या महाविद्यालयाची ओळख ठरली ती कमवा आणि शिका या योजनेने. विद्यार्थ्याने रोज ठरावीक तास संस्थेच्या शेतात, बागेत, बांधकामावर वा भोजनगृहात काम करायचे आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा खर्च फेडायचा, अशी ती योजना. खडकाळ माळ फोडून मुलांनी शेते केली, विहिरी खणल्या, इमारतींसाठी दगड वाहिले. बाहेरून पाहणाऱ्याला ही पैशाची काटकसर वाटे. भाऊरावांच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा होता. दानावर शिकणारा मुलगा मान खाली घालून वर्गात बसतो आणि पहिल्याच अपयशाला गावी परततो, हे त्यांनी पाहिले होते. घामाच्या मोबदल्यात शिकणारा मुलगा त्या संस्थेवर हक्क सांगू शकतो. श्रीमंताच्या मुलाच्या शेजारी बसताना त्याला कमीपणा वाटत नाही. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद झाले ते यामुळेच.

या व्यवस्थेत कष्ट होते आणि ते सगळ्यांना पेलत नसत. सकाळी शेतात राबून दुपारी वर्गात डुलक्या घेणारी मुले होती, शिक्षण अर्धवट टाकणारीही होती. मुलींची संख्या फार काळ कमी राहिली. शेतमजुरीच्या मोबदल्यात वसतिगृहात राहण्याची ही चौकट मुख्यत्वे मुलग्यांना डोळ्यांसमोर ठेवून घडली होती. संस्थेने मुलींसाठी वसतिगृह आणि अध्यापिका विद्यालय काढले, तरी खेड्यातील मुलगी पदवीपर्यंत मोठ्या संख्येने पोचायला पुढच्या पिढ्या लागल्या.

स्वातंत्र्यानंतर लवकरच संस्थेवर मोठे संकट कोसळले. भाऊराव स्पष्टवक्ते होते आणि त्यांची जाहीर टीका मुंबई सरकारला रुचली नाही. संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. हजारो मुलांच्या जेवणाचा आणि शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी दुधगावच्या मुठीची परंपरा कामी आली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी धान्य दिले, शिक्षकांनी पगाराविना काम केले, माजी विद्यार्थी धावून आले. काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झाले. सरकारी मदतीशिवाय संस्था कोलमडेल, हा अंदाज चुकला. तिचे मालक खेड्यापाड्यांत बसले होते.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला होता. तोही या आर्थिक ओढाताणीतच पुढे सरकला. १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय निघाले आणि १९५५ मध्ये साताऱ्यात पदवीधरांना शिक्षक बनविणारे आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालय. एका मुलाला पदवीधर करायचे, त्याला शिक्षक करायचे आणि तालुक्याच्या शाळेत पाठवून त्याच्याकडून पुढची मुले शोधून घ्यायची, हे चक्र आता पूर्ण झाले. अल्प वेतनावर आयुष्य वाहून घेणाऱ्या आजीव सेवकांनी ते फिरते ठेवले.

विद्यार्थी परतले ते शिक्षक होऊन

या चक्राचे फळ माणसांच्या रूपाने दिसते. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. वकिलीत पैसा आणि प्रतिष्ठा होती, तरी त्यांनी रयतमध्ये अध्यापन पत्करले आणि ते शिवाजी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि भाऊरावांचे विस्तृत इंग्रजी चरित्रही त्यांनी लिहिले. वाळवा तालुक्यातील ढवळी गावच्या शेतकरी कुटुंबातील एन. डी. पाटील यांनी पुणे विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. केले आणि १९५०च्या दशकात साताऱ्यात प्राध्यापक म्हणून काम करताना कमवा आणि शिका योजनेचे रेक्टरपदही सांभाळले. पुढे रयत शिक्षण संस्थेच्या चेअरमनपदाची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

संस्थेतून बाहेर पडलेल्यांनीही तोच वसा वेगळ्या वाटेने चालविला. कधीकाळी रयतमध्ये काम केलेले बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये कोल्हापूरला स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापन केली. या संस्थेने तासगावात महाविद्यालय काढले आणि ज्या तालुक्यातील मुलाला १९१९ मध्ये सांगलीही दूर होती, त्याला पदवीचे शिक्षण घरापासून सायकलच्या अंतरावर मिळू लागले. दरम्यान तासगाव नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले होते आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज कमी झाली. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी विद्यापीठातही कमवा आणि शिका योजना आणली. सातारा-सांगलीच्या खेड्यांतील अनेक मुले त्या आधारावर एम.ए., एम.एस्सी. झाली. साताऱ्याच्या माळावर सुरू झालेला प्रयोग पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचला होता.

भाऊरावांना हे विद्यापीठ पाहता आले नाही. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी.लिट. पदवी अर्पण केली. मॅट्रिकही न झालेल्या माणसाच्या नावापुढे विद्यापीठाची सर्वोच्च पदवी लागली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मागे शंभरावर माध्यमिक शाळा, तीन महाविद्यालये आणि शेकडो प्राथमिक शाळा होत्या. स्वतःच्या नावावर मालमत्ता म्हणावी असे काही नव्हते.

२०२१ मध्ये साताऱ्यातील तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ अस्तित्वात आले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशातील विद्यापीठांत उच्च शिक्षण घेण्यासाठी राज्य सरकारने राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिष्यवृत्तीही सुरू केली आहे. वाटा वाढल्या आहेत आणि दारेही अधिक उघडी आहेत. तरीही शिष्यवृत्तीची जाहिरात निघाल्याने ती योग्य विद्यार्थ्यापर्यंत पोचतेच असे नाही. अर्ज कसा भरायचा, प्रवेश कोणत्या विद्यापीठात घ्यायचा, पहिला हप्ता मिळेपर्यंत परक्या शहरात राहायचे कुठे, हे ज्याच्या घरात कोणालाच ठाऊक नाही, त्याच्यासाठी न्यूयॉर्क आणि लंडन आजही तितकेच दूर आहेत, जितकी १९१९ मध्ये तासगावच्या वाडीवरील मुलाला सांगली दूर होती. भाऊराव अर्जाची वाट पाहत बसले नाहीत. ते नांगर घेऊन बांधावर गेले, मुलाला शोधले, त्याच्या बापाशी बोलले, त्याला सोबत आणले आणि तो शिकून बाहेर पडेपर्यंत त्याच्या ताटातील भाकरीची काळजी वाहिली. त्यांच्या कार्याचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येक संस्थेला एवढा हिशेब द्यावा लागेल.